बावीस फूट

भिंत पडली ती भांडणानं नाही.
गॅसची लाइन टाकणाऱ्यांनी पायाशी चर खणला
आणि एका दुपारी, दमलेलं माणूस बसतं तशी
ती माझ्या बाजूला बसली.
बावीस फूट. टेप लावून मोजलं.
तुर्भ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं पाइपांचे नकाशे काढले मी,
मोजल्याशिवाय मला वाईटसुद्धा वाटत नाही.

सारम्मा म्हणाली, पुन्हा वीट नको.
इतकी वर्षं मला तुझा फक्त अंबाडा दिसायचा.
ठरलं मग : झाडांचं कुंपण,
खर्च निम्मा निम्मा.

ट्रेसिंग पेपरवर दीड-दीड फुटांवर
पंधरा गोल काढले.
प्रत्येकात फक्त नाव लिहायचं होतं,
तिथंच पेन्सिल अडली.

मेंदी नको. सोसायटीच्या बागेत पाहिलीये,
शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी
केस कापून आणलेल्या पोरांसारखी.
कण्हेर नको. नात अजून जग तोंडात घालून पाहते.
करवंद मात्र हवं :
काटा, चीक, आणि मे महिन्यात दातांनी अर्धं करून
कोंबडा की कोंबडी.
सारम्मा काट्याला हो म्हणाली, बोक्यांसाठी.
आणि स्वतः अडून बसली कढीपत्त्यावर.
एक नाही, दोन.
(कुंपण घालतेय की फोडणी?)
मी अडले कुंतीवर. का, ते सांगितलं नाही.
नेरूळला आलो त्या वर्षी कुणीतरी
खिशातून आणून माझ्या टेबलावर ठेवायचं
मूठभर पांढरं. बस.

नर्सरीत पदाजी मढवींनी माझा कागद उलटा धरला,
मग सुलटा.
फरक पडला नाही.
"मॅडम, गोल सगळे सारखेच काढलेत.
जास्वंद राहील का एवढ्यात?
अडुळशाला काय पण चालतं. तगर सावलीत भागवते.
कुंती मात्र वर्षभर नुसती उभी राहील,
तुम्ही नाद सोडाल, मग फुलेल."
मग हात पुसत म्हणाले,
"तुमचा सेक्टर आमच्या आज्याचा भात होता.
बांधावर शेर, खाडीकडं भेंड, मधे निरगुडी,
ढोरं तोंड लावत नव्हती.
निवडलं कुणी होतं?
खाऱ्या पाण्यात जे तगलं ते आपलं."
तक्रारीच्या सुरात नाही,
रोपाचा दर सांगावा तसं.
मी उगाच पर्समध्ये
खोडरबर शोधत राहिले.

रिक्षात मांडीवर पिशव्या, पायाशी पिशव्या,
करवंदाचा काटा सारम्माच्या पदरात,
आणि बिलात नसलेली एक काडी :
निरगुडी, पदाजींनी वरून दिलेली,
"गुडघ्यांना लागेल."
नकाशात सोळावा गोल नव्हता.
लावली नळाजवळ, जिथं चिखल होतो.

आता सगळं मिळून पोटरीएवढं आहे.
काहीच झाकत नाही.
तिच्या दोरीवरचे मुलाचे जुने शर्ट,
जे ती अजून धुते,
माझं दुपारचं एकटीचं ताट,
ज्याच्याशी मी बोलते.
दाट व्हायला तीन वर्षं, असं म्हणतात.
माझी काही घाई नाही.
तिचीही नसावी, कारण खत घालायची पाळी
तिनं दोनदा चुकवली.

परवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर
पक्ष्याची शीट दिसली. काडीनं उडवायला गेले
तर ती मान उचलून,
तांबडी शिंगं बाहेर काढून
माझ्यावर रागावली.
अळी. मागे अर्धी फांदी देठांपुरती उरलेली.
मी हाक मारली, औषध आण गं, फवारणीचं.
सारम्मा आली, चष्मा वर करून
बराच वेळ वाकून पाहत राहिली.
"खाऊ दे," म्हणाली.
"दोन कशाला मागितली होती मी?"